ठिपका इथी आहे

रामटेके मॅडम माझ्याशी पहिल्यांदा बोलल्या तेव्हा नमस्कार-चमत्कार काही झाला नाही. मी वर्गात कविता शिकवत होतो. त्या दारात उभ्या राहिल्या, माझ्यावरून नजर काढून माझ्या मागच्या भिंतीवर रोखली आणि म्हणाल्या, "सर, तुमची भिंत पायजे होती."

भिंत मागायला आलेलं माणूस मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. चामोर्शीच्या कनिष्ठ महाविद्यालयात मी मराठी शिकवतो. माझ्याकडे लोक येतात ते सूत्रसंचालन मागायला, फार तर निरोपसमारंभाचं भाषण मागायला. मी "हो, म्हणजे, कशाला?" असं काहीतरी पुटपुटेपर्यंत बाईंनी पिशवीतून डबा काढला, डब्यातून भाताची घट्ट पेज काढली आणि तपासणीसाठी नुकत्याच चुना मारलेल्या माझ्या भिंतीवर आलेखाचे कागद चिकटवायला घेतले. पोरं खुश. कविता तिथेच राहिली. पुढे त्या पेजेला मुंग्या लागल्या आणि त्या मुंग्यांची रांग माझ्या फळ्यावरून जायला लागली, तेव्हा मी तक्रार केली. मॅडम म्हणाल्या, "चालते सर. मुंग्या रेघा पुसत नाई."

भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत चारही भिंतींना कपाटं होती, म्हणून ही स्वारी माझ्या वर्गावर. शेवटचा तास संपला की त्या यायच्या. बुटकी, सडसडीत बाई, केसांचा घट्ट अंबाडा, साडीचा पदर कमरेला खोचलेला, आणि दोन्ही हातांत काचेचं एक पसरट ताट. ते त्यांनी बाजारातल्या फोटोफ्रेमवाल्याकडून बनवून घेतलं होतं. चौकोनी, बोटभर उंच, बाटलीभर द्रवात भरेल असं. टेबलावर ते भिंतीशी तिरकं ठेवायचं. एका बाजूला कपडे वाळत घालायच्या चिमट्यात लेझर. हा लेझर म्हणजे मार्कंड्याच्या जत्रेत खेळण्यांच्या दुकानात मिळतो तोच. त्यांच्या थोरल्या भावाने घेऊन दिलेला. "डोळे खाली!" असं त्या ओरडायच्या, सगळ्यांच्या माना खाली जायच्या, आणि मग भिंतीवरच्या कागदावर लाल ठिपका उमटायचा.

मला त्यांनी एकदाच समजावून सांगितलं, आणि तेही मी विचारलं नसताना. ताट रिकामं असेल तर ठिपका एका जागी. त्यात पाणी ओतलं की किरण आत शिरताना वाकतो, बाहेर पडताना पुन्हा सरळ होतो, पण होता त्या वाटेच्या थोडा बाजूने निघतो. ठिपका सरकतो. तेल ओता, जास्त सरकतो. किती सरकला ते रेघा मोजून काढायचं आणि गणित करून त्या द्रवाचा अपवर्तनांक काढायचा, म्हणजे तो द्रव प्रकाशाला किती वाकवतो तो आकडा. एवढंच. मग त्यांनी टेबल भिंतीपासून लांब, पार मागच्या बाकापर्यंत ओढत नेलं आणि मला म्हणाल्या, "पाहा." ठिपका जरा मोठा झाला, पण सरकला तेवढाच. मी विज्ञानातला ढ माणूस, पण त्या दिवशी मला खरंच आश्चर्य वाटलं, आणि ते माझ्या चेहऱ्यावर दिसलं असावं, कारण मॅडम पहिल्यांदा हसल्या.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. निकाल काय, असं कुणीही विचारलं की त्या कागदावर पेन्सिलीचं टोक ठेवायच्या आणि म्हणायच्या, "ठिपका इथी आहे." त्याच्यापुढे एक अक्षर नाही.

या वाक्यापायी त्यांनी काय काय वैर ओढवून घेतलं! एका सहामाहीत त्यांनी बारावीच्या पोरांना पाण्याचा अपवर्तनांक काढायला लावला. पोरांनी काढला. सगळ्यांचा अगदी पुस्तकात असतो तसा आला, शेवटच्या अंकापर्यंत. मॅडमनी अख्ख्या वर्गाला शून्य दिलं. पालक आले, प्राचार्यांनी बोलावलं, मी मध्ये पडायला म्हणून गेलो. मॅडम शांत. म्हणाल्या, "त्या पाण्यात मी साखर घोळली होती. भरपूर. एकाचाबी ठिपका पाण्याच्या जागी नव्हता. पण पाणी म्हटलं ना मी, तर पोरांनी पाणीच पाह्यलं. डोळ्यासमोर काय आहे ते कोणी पाह्यलंच नाई." प्राचार्यांनी विचारलं, "अहो पण ही फसवणूक नाही का?" त्यावर मॅडम म्हणाल्या, "होय. पण माह्या हातून झाली तर शून्यावर भागते सर. बाहेर झाली तर?" मी तोंडात बोट घातलं. शून्य कायम राहिलं.

प्राचार्यांची आणि त्यांची दुसरी गाठ मधावरून पडली. प्राचार्यांना कुणीतरी जंगलातला मध भेट दिला होता आणि तो असली असल्याचं ते स्टाफरूममध्ये आठवडाभर सांगत होते. शेवटी बाटली घेऊन स्वतःच माझ्या वर्गात आले. मॅडमनी ताट पुसलं, मध ओतला, लेझर लावला. आम्ही सगळे शिक्षक भिंतीकडे टक लावून. ठिपका मधाच्या नेहमीच्या जागेपेक्षा बराच अलीकडे थांबला.

"म्हणजे पाणी घातलंय?" प्राचार्यांचा आवाज बारीक झाला.

"म्हणजे ठिपका इथी आहे."

"अहो, असली की नकली ते सांगा ना!"

"ते ठिपका सांगत नाई सर. त्याले एकच गोष्ट माहीत असते. पावसाळ्यातला मधबी पातळ येते, अन् गुळाचा पाकबी मधाच्या जागी जाऊन बसते. मी कशी सांगू?"

प्राचार्यांनी वैतागून ताटात बोट बुडवलं आणि चाटायला तोंडाकडे नेलं. मॅडमनी चक्क त्यांचं मनगट धरलं. आम्ही हबकलो. जत्रेत हरवलेल्या पोराला धरावं तसं त्यांना धरून त्या म्हणाल्या, "माह्या टेबलावरचं कोणी तोंडाले लावायचं नाई. घरून आणलं असलं तरी नाई." प्राचार्यांनी बोट रुमालाला पुसलं. त्यानंतर त्यांनी मधाचं नाव काढलं नाही.

आणि मोहाची दारू! मॅडमनी पोरांना सांगितलं होतं, घरात जो द्रव असेल तो आणा. कुणी जवसाचं तेल आणलं, कुणी ताक आणलं, पण त्यातून किरणच जाईना. जंगलाकडच्या गावातून येणाऱ्या एका मुलीने देवाच्या पूजेला लागते ती मोहाची पाण्याच्या बाटलीत भरून आणली. तिच्या घरात त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं. इथे मात्र दारूबंदीचा जिल्हा, आणि दारू शाळेच्या टेबलावर! माझी तर बोबडीच वळली. मॅडमनी वर्गाचं दार लावून घेतलं, ताट भरलं, ठिपका पाण्याच्या पुढे तीन-चार रेघांवर पडला, त्यांनी तिथे पेन्सिलीने खूण केली, दारू मोरीत ओतली आणि त्या मुलीला पूर्ण गुण दिले. ती खूण माझ्या भिंतीवर राहिली. चुना मारताना तेवढा कागद मी वाचवला होता, कशासाठी ते मलाही ठाऊक नाही.

मॅडमच्या या थोरल्या भावाबद्दल आता सांगायला हवं. सुखदेवदादा. बल्लारपूरला कागद कारखान्यात बांबूचे ट्रक खाली करत त्यांनी उमेदीची वर्षं काढली आणि त्यातून धाकट्या बहिणीला एम. एस्सी. केलं. आता गावी परतून धानाची शेती करत होते. एकदा बहिणीला लाखोळीची डाळ द्यायला शाळेत आले, मला "जयभीम सर" म्हणाले आणि प्रयोग चालू होता म्हणून मागच्या बाकावर बसले. लेझर आपल्या पैशाचा आहे म्हटल्यावर त्यांचा जीव त्या ठिपक्यात. उठून भिंतीपाशी गेले. "वंदे, हे भिंतीले भोक तं पाडत नाई ना?" पोरं हसली. दादांनी ठिपक्यावर बोट ठेवलं, उचललं, पुन्हा ठेवलं. "लागत नाई काहीच," असं म्हणाले आणि स्वतःच खो खो हसत सुटले. मॅडमही हसल्या. वर्गात अशा मोठ्याने हसताना मी त्यांना तेव्हाच पाहिलं.

दादा प्यायचे. मॅडम ते लपवत नव्हत्या. बंदीच्या जिल्ह्यात पिणाऱ्याला प्यायला मिळतंच, फक्त बाटलीत काय आहे ते कुणाला सांगता येत नाही. बहीण-भावात यावरून अबोला व्हायचा, मिटायचा. त्या वर्षी दादांनी बहिणीला शब्द दिला, एकदम सुटत नाही, पण हळूहळू सोडतो, बाटलीत निम्म्याहून जास्त पाणी टाकून पितो. मॅडमनी मला हे सांगितलं तेव्हा त्यांच्या आवाजात नवस फळल्यासारखं काहीतरी होतं.

एका दुपारी मंदावहिनी, म्हणजे दादांची बायको, कापडी पिशवी छातीशी धरून माझ्या वर्गाशी आल्या. पिशवीत बाटली होती.

"बाई, खरं पायजे मले," त्या मॅडमना म्हणाल्या. "हे म्हणते मी पाणी टाकतो. काल नवी आणली, अजून तोंडबी नाई लावलं, म्हणे आताच पाणी टाकून ठेवलं. मले तं भरोसा येत नाई. तुमच्या त्या ठिपक्यानं दिसन का?"

मी खुर्चीवर पेपर तपासत होतो. मॅडमनी ताट मांडलं. आधी पाणी, मग बाटलीतलं. दारूची खूण भिंतीवर होतीच. ठिपका त्या खुणेकडे गेलाच नाही. पाण्याच्या जागेपासून जेमतेम एक रेघ सरकून थांबला.

मी वर पाहिलं, कारण मॅडमचा श्वास मला ऐकू आला. मी वाट पाहत होतो त्या वाक्याची. ते आलं नाही.

"वहिनी," त्या म्हणाल्या, "पाणीच आहे हे. जवळजवळ पाणीच. दादा खरं बोलून राह्यला!" आणि त्यांनी वहिनींना मिठी मारली.

"पण वास तं जोरात येते बाई."

"वास थोड्यानंबी येते."

"मंग ओतून देऊ का?"

मॅडमनी बाटलीला झाकण लावलं. मग म्हणाल्या, "नका ओतू. ओतली तं तो रागानं नवी आणन, अन् तिच्यात पाणी टाकणार नाई. हेच पिऊ द्या त्याले. सुटते आता त्याची."

मला ते पटलं. कुणालाही पटलं असतं. वहिनी बाटली पिशवीत घालून गेल्या, आणि मॅडमनी ताट धुताना चक्क गाणं गुणगुणलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी स्टाफरूममध्ये त्यांचा फोन वाजला. दादांना सकाळपासून ओकाऱ्या होत होत्या आणि आता समोर सगळं पांढरं दिसत होतं, धानाच्या बांधीवर धुकं उतरल्यासारखं. गाडीत घालून गडचिरोलीला नेत होते. मी माझी मोटरसायकल काढली. मॅडम मागे बसल्या. वाटेत त्या एकच गोष्ट पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, "पण त्यात तं पाणी होतं सर. मी पाह्यलं ना. तुमी पाह्यलं ना?" मी पाहिलं होतं.

दवाखान्यात तरुण डॉक्टर होते. त्यांनी दादांच्या डोळ्यांत बॅटरी मारली, वहिनींना दोन-चार प्रश्न विचारले आणि आमच्याकडे वळून म्हणाले, "दारूत मिथेनॉल असणार, ते विषच. त्याच बाजूचे आणखी दोघे सकाळपासून आलेत."

मॅडम भिंतीला टेकल्या. चेहऱ्यावरचं रक्त उतरणं हा शब्दप्रयोग मी वर्गात कितीदा समजावून सांगितला असेल. त्या दिवशी तो समोर पाहिला. त्या अगदी हळू म्हणाल्या, "मिथेनॉल पाण्याच्या अलीकडे पडते."

"काय?" डॉक्टर म्हणाले.

"ते प्रकाशाले पाण्याहून कमी वाकवते. पाण्यात मिसळलं तं पाण्याच्या आसपासच राहते. ठिपका फारसा सरकतच नाई." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मले माहीत होतं सर. मीच शिकवते हे."

डॉक्टर आत धावले, त्यांना तेवढा वेळ नव्हता.

संध्याकाळी दादा शुद्धीवर होते. आम्ही खाटेशी उभे होतो. बहिणीचा आवाज जिथून येत होता तिकडे त्यांनी तोंड फिरवलं, पण डोळे भलतीकडेच राहिले.

"वंदे, एक गोष्ट सांगतो, रागावू नको," ते म्हणाले. "मी त्यात पाणी टाकलं नव्हतं. कधीच नाई टाकलं. तुले बरं वाटते म्हणून म्हणत होतो."

मॅडम त्यांचा हात धरून उभ्या होत्या. त्यांनी तो सोडला नाही. "बरं दादा," एवढंच म्हणाल्या. मी व्हरांड्यात निघून आलो. खोटं भाऊ बोलला, ते खरं ठरवलं ठिपक्याने, आणि जिने ठिपक्याला कधी एक शब्द जास्त बोलू दिला नाही, तिनेच त्या दिवशी त्याच्या तोंडी आपल्या मनातलं घातलं. हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत, माझ्या भिंतीवर झालं होतं. मला आजही ते खरं वाटत नाही.

दादा वाचले. डोळे गेले ते गेले. त्या दोघांपैकी एक वाचला नाही.

मॅडमनी रजा काढली, मग परत आल्या. पुस्तकातलं शिकवायच्या, प्रयोगाचं नाव नाही. काचेचं ताट माझ्या कपाटावर धूळ खात पडलं होतं. मी ते हलवलं नाही, त्यांनी मागितलं नाही. स्टाफरूममध्ये कुणी त्यांच्यासमोर ठिपक्याचं नाव काढायलाही धजत नव्हतं. मी एकदा धीर करून म्हटलं, "मॅडम, तुम्ही नाही घातलं ते मिथेनॉल त्यात. विकणारा वेगळाच आहे." त्या म्हणाल्या, "त्यानं बाटली विकली सर. पिऊ द्या असं मी म्हटलं."

मग धान कापून झाल्यावर एका दुपारी, सगळी पोरं गेल्यानंतर, मी विसरलेली छत्री न्यायला वर्गाकडे आलो आणि दाराशीच थबकलो. ताट धुऊन टेबलावर तिरकं मांडलेलं होतं. चिमट्यात तोच लेझर. आणि भिंतीपाशी सुखदेवदादा, एक हात बहिणीच्या खांद्यावर. ते तिच्यामागे लागले होते म्हणे, मले एकदा ने त्या तुह्या ठिपक्यापाशी. मी आत गेलो नाही.

"डोळे खाली," मॅडम सवयीने म्हणाल्या आणि गप्प झाल्या.

"खालीच आहे माहे," दादा हसून म्हणाले. "कुठी आहे सांग?"

मॅडमनी त्यांचं बोट धरलं आणि कागदावर टेकवलं. लाल उजेड त्यांच्या नखावर पडला. "ठिपका इथी आहे."

दादांनी बोट उचललं, पुन्हा ठेवलं. "लागत नाई काहीच," ते म्हणाले. या वेळी कुणी हसलं नाही. मग त्यांनी विचारलं, "ताटात काय आहे वंदे? पाणी?"

मॅडम पेन्सिल हातात धरून भिंतीकडे बघत राहिल्या. ताट त्यांनी स्वतः नळावर भरलं असणार. तरी त्या टेबलाशी आल्या, लेझर बंद केला, ताटात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. डोळे मिटून घेतले.

"पाणी आहे दादा," त्या म्हणाल्या.